जमिनीवरील बाँबर विमानें

बाँबर विमानाचें नांव निघतांच विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढें रात्रीचें आकाश, शोधदिवे आणि तोफांचा मारा उभा राहतो. परंतु अशा विमानाचें बहुतेक आयुष्य जमिनीवरच जातें. तेथें त्यांत पेट्रोल भरतात, बाँब चढवितात, फाटलेला पत्रा सांधतात. आणि कित्येकदां तेथेंच त्याचा अंतहि होतो.

इंग्लंडांतील आल्कनबरी येथील विमानतळावर ता. २७ मे १९४३ रोजीं ‘फ्लाइंग फोर्ट्रेस’ जातीच्या एका अमेरिकन विमानांत ५०० पौंडी बाँब चढविण्याचें काम चाललें होतें. एकाएकीं एक बाँब फुटला, व त्याच्या धक्क्यानें लगतचे बाँबहि फुटले. १८-१९ माणसें ठार झालीं, वीसएक जबर जखमी झालीं, आणि आसपासचीं विमानें मोडून पडलीं.

बाँबमधील मुख्य दारू सहसा आपटल्यानें पेटत नाहीं; तिला चेतविणारी कळ, जिला फ्यूज म्हणतात, ती मात्र फार हळवी असते. तिच्यावर एक चिमुकला पंखा बसवून तो तारेनें जखडलेला असतो. बाँब विमानांतून सुटला कीं तार मागें राहते, वाऱ्यानें पंखा फिरतो, आणि मगच ती कळ मोकळी होते. इतकी खबरदारी असूनहि हे काम करणाऱ्यांचा जीव टांगणीलाच असे. मोहिमांच्या याद्यांत मात्र वैमानिकांचीं नांवें येतात, बाँब चढविणारांचीं येत नाहींत. मला हें न्याय्य वाटत नाहीं.

जमिनीवरील इजा नेहमीं अपघातानेंच होते असेंहि नाहीं. अमेरिकेनें ब्रिटिशांस उसनीं दिलेलीं ‘लिबरेटर’ विमानें युद्ध संपल्यावर कानपुरास गोळा करण्यांत आलीं. करारान्वयें तीं परत करावयाचीं किंवा निकामी करावयाचीं होतीं. तेव्हां त्यांच्या एंजिनांत वाळू ओतली, उपकरणें फोडलीं, कांहींच्या अंगावर मोटारलॉऱ्याहि घातल्या!

पुढें १९४८ सालीं बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीनें याच मोडींतून उपयोगी सांगाडे निवडले. कानपुरास जेमतेम डागडुजी करावयाची आणि मग तें विमान बंगळूरपर्यंत उडवीत न्यावयाचें, असा क्रम होता. हें जोखमीचें काम कंपनीचे वैमानिक जमशेद मुन्शी यांनीं केलें. अशीं सुमारें ४० विमानें पुन्हां उडूं लागलीं. नोव्हेंबर १९४८ मध्यें त्यांचें पहिलें पथक कानपुरासच उभें राहिलें. पुढें पुण्याच्या सहाव्या पथकानें त्यांच्याकडून समुद्रावर टेहळणीचें काम घेतलें. १९६८ सालीं तीं निवृत्त झालीं.

यांपैकीं के. एन. ७५१ या क्रमांकाचें विमान भारतानें इंग्लंडांतील रॉयल एअर फोर्स संग्रहालयास भेट दिलें. १९७४ सालीं तें तेथवर जहाजांतून गेलें नाहीं. स्वतःच्या पंखांनीं उडत गेलें.