चाहूल देऊन पाण्यात उतरा

काटा मारणारा मासा आपल्या मागे लागत नाही. तो तळाशी पडून असतो, आपला पाय त्याच्यावर पडतो आणि मग जे व्हायचं ते होतं. विरारजवळच्या अर्नाळ्याला माझ्या बाबतीत हेच झालं.

बेटावरच्या किल्ल्यावरून परतताना ओहोटी लागली होती. अशा वेळी होडी किनाऱ्याला टेकत नाही, गुडघाभर पाण्यात उतरून चालत यावं लागतं. आपल्याकडचं पाणी गढूळ, तळ दिसायचा प्रश्नच नाही. उजव्या घोट्याजवळ एकाएकी सणकून कळ उठली आणि पायाखालून काहीतरी गुळगुळीत सरकून गेलं. वाळूवर येऊन पाहिलं तर जखम जेमतेम बोटाच्या पेराएवढी. कळ मात्र पोटरीतून मांडीपर्यंत चढत गेली, दरदरून घाम फुटला, मळमळायला लागलं. “पाखट,” होडीवाले काका जखम बघताक्षणी म्हणाले.

गर्दी जमली तसे सल्लेही जमले. कुणी बर्फ आणला, कुणी हळद-चुना. एकाने पोटरीवर रुमाल करकचून आवळायला घेतला. तेवढ्यात मासळीची पाटी उतरवून एक कोळीण मावशी पुढे आल्या. “बर्फ कसला लावताय? ऊन पान्यात घाला पाय!” चहाच्या टपरीवरून किटलीभर उकळतं पाणी आलं. मावशींनी बादलीत गार पाणी घालून ते बेताचं केलं, स्वतःचा हात कोपरापर्यंत बुडवून पाहिला आणि मगच माझा पाय आत घेतला. हळूहळू कळ उतरू लागली. पाय बाहेर काढला की पुन्हा चढायची, म्हणून पाणी निवेल तसं नवं ओतत राहिलो. पुढे रुग्णालयात जखम धुतली, काट्याचा तुकडा आत राहिला नाही ना हे एक्स-रे काढून पाहिलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. डॉक्टर म्हणाले, मावशींनी केलं ते अगदी योग्य.

या माशांचं विष प्रथिनांचं असतं आणि प्रथिनांना उष्णता सोसत नाही. जगभरचे डॉक्टर आधी गरम पाणीच सांगतात ते यासाठी. पाणी साधारण 45 अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देऊ नये आणि पाय अर्ध्या तासापासून दीड तासापर्यंत बुडवून ठेवावा. पाण्याचा अंदाज दुसऱ्याने घ्यावा. ज्याला काटा लागलाय त्याला वेदनेपुढे चटका कळत नाही आणि विषावर उपचार करताना पाय भाजून निघतो.

पाखट मासा चपटा. वाळू अंगावर ओढून घेतो, वर फक्त डोळे उरतात. शेपटीवरच्या काट्याला दोन्ही कडांनी करवतीसारखे दाते असतात. आपले मच्छीमार जाळ्यात पाखट आला की आधी तो काटा छाटतात, कारण मासा मेला तरी काट्यातलं विष उरतं. बाजारात घेताना शेपूट दिसली तर हात लावायच्या आधी विचारा.

पाखट लपतो तो जीव वाचवायला. त्याला आपली चाहूल लागली तर तो निघून जातो. म्हणून गढूळ पाण्यात पाऊल उचलून टाकू नका, तळाला घासत घासत चाला. हातात काठी असेल तर पुढची वाळू ढवळत जा. अंगावर पाय पडला नाही, तर त्याला शेपूट उगारायचं कारणच उरत नाही.

प्रवाळांतल्या माशांपुढे मात्र ही युक्ती चालत नाही. मालवण, लक्षद्वीप, अंदमानला स्नॉर्केलिंग-स्कूबासाठी जाणारे वसई-विरारकर आता कमी नाहीत, त्यांनी हे नीट ऐकावं. तिथले स्टोनफिश, स्कॉर्पिअनफिश लपतात ते शिकारीसाठी. स्टोनफिशच्या कातडीवर शेवाळ उगवतं, तो दगडांत दगड होऊन पडतो आणि भक्ष्य तोंडासमोर आलं की क्षणात गिळतो. आपण जवळ गेलो तरी हलत नाही, कारण न हलणं हेच त्याचं पोट भरायचं साधन. पाठीवरचे 13 विषारी काटे त्याच्या शिकारीच्या कामाचे नाहीत, ते फक्त बचावाचे, पाय किंवा हात दाबला गेला की रुतणारे. हा मासा पाण्याबाहेर काही तास तग धरतो, म्हणजे ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकांतही तो असू शकतो. ऑस्ट्रेलियात त्याच्या विषावर 1959 पासून प्रतिविष आहे, यावरून दुखणं केवढं ते समजावं.

दबा धरणारा प्रत्येक मासा विषारी नसतो. कपाळावर गळ घेऊन बसणारा फ्रॉगफिश सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आत भक्ष्य ओढतो, पण माणसाला काटा मारत नाही. वाळूत अर्धा गाडून बसणारा लिझार्डफिश तर आपल्या वलांडीवर सुकणाऱ्या बोंबलाच्या कुळातला. पण पाण्याखाली कोण कोणता हे आपल्याला ओळखू येणार नाही. म्हणून प्रवाळावर उभं राहू नका, दगड उलटवू नका, कपारीत हात घालू नका, आणि खडकाळ किनाऱ्यावर जाड तळाचे बूट घाला. स्लिपरमधून काटा आरपार जातो.

काटा लागलाच तर वर फडकं आवळू नका, जखम चिरू नका, तोंडाने ओढू नका, बर्फ लावू नका. पायातला वरवरचा तुकडा सहज निघत असेल तर काढा. छाती, पोट किंवा मानेत रुतलेला काटा हलवूही नका, 108 ला फोन करा. 4 सप्टेंबर 2006 रोजी ऑस्ट्रेलियात प्राण्यांवरचे टीव्ही कार्यक्रम करणारे स्टीव्ह अर्विन गेले ते पाखटाचा काटा छातीत घुसूनच. श्वास लागला, चक्कर आली किंवा अंगावर पित्त उठलं तरी थांबू नका. कळ थांबली म्हणून घरी बसू नका. खाऱ्या पाण्यातली जखम चिघळते, मधुमेह किंवा यकृताचा आजार असणाऱ्यांची तर फार लवकर.

भाद्रपदात पाखटाचा धोका आपल्या दारात येतो. 2013 साली गिरगाव चौपाटीवर दीड दिवसाच्या गणपतींच्या विसर्जनात पाखटांनी कितीतरी भाविकांना जखमी केलं. अर्नाळ्यासारख्या किनाऱ्यांवर आपणही बाप्पाला घेऊन अनवाणीच उतरतो. मंडळांनी दोर, टॉर्च आणि पट्टीचे पोहणारे तयार ठेवावेतच, शिवाय गॅसवर पाण्याचं पातेलं आणि शेजारी मोठा टब ठेवावा. पातेल्याजवळ एक जाणता माणूस नेमावा आणि त्याने इतरांना मदत करायला तिथून हलू नये.