लहान इंजिन आणि महागडे पेट्रोल

माझी १०० सीसीची जुनी मोटारसायकल गेल्या वर्षी चढावर कुरकुरू लागली. गोव्याहून परतताना चोर्ला घाट चढू लागलो की डब्यात कुणी खिळे हलवावेत तसा इंजिनातून आवाज येई. पंपावरच्या पोऱ्याने सल्ला दिला, “दादा, जास्त ऑक्टेनचं घाला, गाडी पळंल बघा.” लिटरमागे सात-आठ रुपये जास्त मोजून महिनाभर तेच घातले. खडखड थांबली, गाडी पळाली मात्र नाही. असे का व्हावे, म्हणून मी या विषयाच्या मागे लागलो.

ऑक्टेन म्हणजे पेट्रोलचा जोर, असा आपल्यापैकी पुष्कळांचा समज आहे. तो चुकीचा आहे. ऑक्टेनचा आकडा पेट्रोलची सहनशीलता सांगतो. सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण दाबले जाते, मग प्लगची ठिणगी पडते आणि ज्योत पसरत जाते. ज्योत पोहोचण्यापूर्वीच कोपऱ्यातले उरलेले मिश्रण दाबाने व उष्णतेने आपोआप पेटले, की पिस्टनवर हातोडा बसल्यासारखा आवाज होतो. यालाच नॉकिंग म्हणतात. आयसो-ऑक्टेन हा द्रव असा दाब चांगला सोसतो, म्हणून त्याला १०० गुण. नॉर्मल हेप्टेन लगेच पेटतो, त्याला शून्य. या दोहोंच्या मिश्रणाशी तुलना करून पेट्रोलचा आकडा ठरवतात.

सहनशीलता आणि उष्णता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचे उदाहरण आपल्या ऊसपट्ट्यातच आहे. साखर कारखान्यांत मळीपासून इथेनॉल काढतात. त्याचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा जास्त. पण एक लिटर इथेनॉल जाळले तर पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच उष्णता मिळते!

मग जास्त ऑक्टेनचा फायदा कोणाला? ज्या इंजिनात मिश्रण फार दाबले जाते त्याला. शिवाय काही मोटारींत नॉकिंग ओळखून ठिणगीची वेळ आपोआप बदलणारी सोय असते. तिथेही थोडा लाभ होतो. माझ्या गाडीत मिश्रण नऊ पटच दाबले जाते आणि ठिणगीची वेळ ठरलेली. त्यातून सिलिंडरचा व्यास जेमतेम ५० मिलिमीटर! ज्योतीला जायचे अंतरच थोडे, त्यामुळे कोपऱ्यातल्या मिश्रणाला आपोआप पेटायला सवडच मिळत नाही. अशा इंजिनाला साधे पेट्रोल पुरते. खानापूरच्या रस्त्यावर मी दोन्ही पेट्रोलांनी टाकी भरून मोजले. लिटरला ५५ किलोमीटरच्या आसपासच, फरक सांगण्याजोगा नाही.

तरी माझी गाडी खडखडत होतीच ना? ते कोडे मिस्त्रींनी सोडवले. हेड उघडले तर आत काजळीचा जाड थर! थरामुळे आतली जागा कमी होऊन दाब वाढला होता, आणि तापलेली काजळी ठिणगीआधीच मिश्रण पेटवू शकते ते वेगळेच. महागडे पेट्रोल हे सारे मुकाट्याने सोसत होते, एवढेच. “रोग आत, आणि तुम्ही औषध टाकीत ओतताय,” मिस्त्री म्हणाले. त्यांनी काजळी खरवडली, प्लग बदलला, कार्ब्युरेटर साफ केला.

आता साध्या पेट्रोलवर मी घाट चढतो. आवाज नाही. त्या महिन्यात वाया घालवलेल्या पैशांत मिस्त्रींची निम्मी मजुरी भागली असती. ती अजून थोडी द्यायची राहिली आहे.