विजेवर चालणारी हत्यारे आणि अंगणातील मूल

रामाकोना आणि आसपासच्या खेड्यांत विजेवर चालणारी हत्यारे आता कारागिराच्या दुकानापुरती राहिलेली नाहीत. फरशी बसवायची असो, गेट तयार करायचे असो वा दाराची चौकट तासायची असो, ग्राइंडर, ड्रिल आणि मार्बल कटर थेट अंगणात येतात आणि त्यांच्याभोवती मुलांचे कोंडाळे जमते. प्रौढांच्या इजांविषयी आमचे अस्थिरोगतज्ज्ञ व शल्यचिकित्सक मित्र अधिकाराने लिहू शकतील. बालरोगतज्ज्ञ या नात्याने मला या कोंडाळ्याची चिंता अधिक वाटते. कारागिराचे लक्ष कामात असते, त्याच्या डोळ्यांवर निदान कधीतरी चष्मा असतो. मूल मात्र उघड्या डोळ्यांनी, ठिणग्यांच्या रेषेतच उभे असते.

साध्या चार इंची ग्राइंडरची चकती मिनिटाला सुमारे 11,000 फेरे घेते. म्हणजे तिच्या कडेचा वेग ताशी 200 किलोमीटरहून अधिक. ती फुटली तर तुकडा त्याच वेगाने सुटतो. म्हणूनच तिच्यावर लोखंडी संरक्षक झाकण असते. आणि नेमके तेच झाकण ‘हात पोहोचत नाही’ म्हणून काढून ठेवले जाते. मग तेथे मोठी चकतीही बसते! सात इंची चकती साधारणपणे 8,500 फेऱ्यांसाठी बनविलेली असते. ती 11,000 फेऱ्यांच्या यंत्रावर चढविणे म्हणजे संकटास आमंत्रण होय. चकतीवर छापलेले फेरे यंत्रावरील फेऱ्यांपेक्षा कमी असतील तर ती बसवू नये. मुदत उलटलेली वा ओल लागलेली चकती फेकून द्यावी. जाता जाता एक गोष्ट: ड्रिलसारख्या फिरत्या हत्याराजवळ सैल हातमोजे, उपरणे किंवा ओढणी घातकच.

आपल्याकडे आणखी एक प्रकार होतो. काम चालू असताना वीज जाते. बटण दाबून अडकवलेले तसेच राहते, हत्यार जमिनीवर ठेवून मंडळी चहाला जातात. तेवढ्यात मूल ते उचलून पाहते आणि वीज परत येते. वीज गेली की सर्वप्रथम प्लग काढणे, ही सवय कारागिरास लावलीच पाहिजे. बटण बंद केल्यावरही चकती काही सेकंद फिरत राहते, तोवर हत्यार हातातून खाली ठेवू नये.

आता विजेच्या झटक्याविषयी. अमेरिकेतील प्रा. चार्ल्स डालझील यांच्या प्रयोगांत असे दिसले की साधारण 16 मिलिअँपिअर प्रवाहाला पुरुषाची आणि साडेदहा मिलिअँपिअरला स्त्रीची मूठ तारेवरून सुटेनाशी होते. मुलांच्या बाबतीत ही मर्यादा त्याहूनही खालची मानली जाते. घरातील 16 अँपिअरचा एमसीबी याच्या कितीतरी पटीने अधिक प्रवाह होईपर्यंत स्वस्थ बसतो, कारण त्याचे काम वायरिंग वाचविणे आहे, माणूस नव्हे. माणसासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. प्रवाह शरीरातून जमिनीत जाऊ लागताच तो क्षणार्धात वीज तोडतो. परंतु दोन्ही तारा एकाच वेळी हातांत आल्यास त्याचा उपयोग होत नाही, हेही ध्यानात असावे. त्यावरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. वायरची उघडी टोके आगकाडीने सॉकेटमध्ये खोचून ग्राइंडर चालविणाऱ्यास मी तरी अंगणात पाऊल ठेवू देणार नाही.

गोठ्यातील कडबाकुट्टी यंत्राला मोटर जोडली की तेही याच वर्गात येते. दिल्लीच्या आयआयटीतील दिवंगत प्रा. दिनेश मोहन व त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर भारतातील खेड्यांत या यंत्राच्या अपघातांचा अभ्यास केला. इजा झालेल्यांत मुलेही होती. त्यांनी सुचविलेले उपाय अगदी साधे: पात्यांवर झाकण, आणि यंत्र बंद असताना चाक फिरू नये म्हणून अडसर. असा अडसर गावातील लोहारही बसवून देऊ शकतो.

डॉक्टर मंडळींसाठी थोडेसे. विजेच्या भाजण्यात त्वचेवरील जखमेवरून आतील हानीचा अंदाज बांधू नये. ईसीजी काढावा आणि लघवीचा रंग पाहावा. वायर तोंडात घेतलेल्या बालकाच्या ओठातून साधारण पाच दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत केव्हाही धमनीचा रक्तस्राव होऊ शकतो. ओठ दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबून धरण्यास आईला आधीच शिकवावे. डोळ्यात तुकडा रुतला असल्यास तो उपसू नये, डोळा चोळू वा दाबू नये. वर कागदी पेला उपडा चिकटवून रुग्णास पाठवावे. धातूच्या कणाची शंका असेल तर एमआरआय करू नये. धनुर्वाताची लस तपासावी.

बोट तुटले असेल तर ते स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधावे आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बोट थेट बर्फावर ठेवल्यास ऊती गोठून निकामी होतात. असे थंड राखलेले बोट बारा तासांनंतरही जोडता येऊ शकते. सौंसरहून नागपूर गाठण्यास तेवढा अवधी पुरेसा आहे. मात्र निघण्यापूर्वी तेथील सूक्ष्मशल्यचिकित्सकाला दूरध्वनी करून ठेवावा.