दुसऱ्यांदा खुबा मोडू नये म्हणून

घरातील आजी किंवा आजोबा न्हाणीघरात घसरतात, खुब्याचे हाड मोडते, शस्त्रक्रिया होते आणि काही महिन्यांनी ते काठी टेकीत पुन्हा दर्शनास येऊ लागतात. देवाने सांभाळले, असे म्हणून सारे कुटुंब निश्चिंत होते. ही निश्चिंतता अपुरी आहे, एवढेच आज आम्हांस सांगावयाचे आहे. एक खुबा मोडलेल्या वृद्धाचा दुसरा खुबा मोडण्याचा धोका समवयस्कांहून पुष्कळ अधिक असतो. पहिल्या एक-दोन वर्षांत तर तो विशेषच असतो.

कारण उघड आहे. शस्त्रक्रियेने मोडलेल्या बाजूची दुरुस्ती होते. परंतु ज्या कारणांनी हाड मोडले, ती तशीच राहतात. त्यांतील पहिले कारण हाडांचा ठिसूळपणा. उभ्या उभ्या पडल्याने खुबा मोडावा, हीच त्याची खूण होय. स्त्रियांत मासिक पाळी थांबल्यावर तो वाढतो. तंबाखू, ‘ड’ जीवनसत्त्वाची उणीव आणि दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइडे त्यात भर घालतात. सुरतेत ऊन मुबलक आहे; पण घराबाहेरच न पडणाऱ्या वृद्धास त्याचा काय उपयोग? दुसरे कारण पुन्हा पडण्याचा संभव. मोतीबिंदू, पायांतील अशक्तपणा, कंपवात, विस्मृती, झोपेच्या गोळ्या आणि उठताच येणारी भोवळ यांनी तो वाढतो.

म्हणून रुग्ण घरी येताच डॉक्टरांस स्पष्ट विचारावे : ‘हाडे बळकट करण्याचे औषध द्यावयाचे काय?’ खुब्याची शस्त्रक्रिया झालेल्या 2,127 रुग्णांवरील एका प्रयोगाचे निष्कर्ष 2007 साली प्रसिद्ध झाले. वर्षातून एकदा शिरेतून दिलेल्या झोलेड्रॉनिक ॲसिडमुळे नव्या अस्थिभंगांचे प्रमाण त्यात सुमारे 35 टक्क्यांनी घटलेले आढळले. हे औषध सर्वांनाच चालत नाही. मूत्रपिंडे व रक्तातील कॅल्शियम तपासूनच ते देतात. चालू असलेल्या सर्व गोळ्याही डॉक्टरांस दाखवाव्या. मनाने कोणतीही बंद करू नये.

घरात न्हाणीच्या भिंतीस धरावयास दांडी बसवावी, रात्री वाटेवर दिवा ठेवावा, सरकणारी सतरंजी काढून टाकावी. डोळे तपासून घ्यावे. आहारात दूध, नाचणी, तीळ व डाळी असाव्या.

आणि एक गोष्ट विसरू नये. पडण्याच्या भीतीने वृद्धांस खाटेवर बसवून ठेवणे ही माया नव्हे. त्याने स्नायू व हाडे अधिकच क्षीण होतात. त्यांना रोज चालवावे, देवळातही अवश्य आणावे. मात्र धुतलेल्या ओल्या फरशीवर आणि पायऱ्यांवर घरच्या तरुणाने त्यांचा हात धरावा.