*मोबाइल स्टार्टरच्या अँटेनाचा जोड पावसाआधी बांधून घ्या*



पाऊस लागला की काही मोबाइल स्टार्टर कॉल घेत नाहीत. सिम चालू, रिचार्ज आहे, लाइट आहे, तरी मोटार बंद करायला रात्री विहिरीवर जावं लागतं. अशा वेळी पेटीबाहेर काढलेल्या अँटेनाचा जोड आधी बघा.

*कारण काय?*
या केबलच्या मधोमध एक तार, तिच्यावर पांढरं प्लास्टिक, त्यावर तारांची जाळी आणि वरून काळं आवरण असतं. जोडातून पाणी शिरलं की वात तेल ओढते तशी जाळी पाणी ओढते. तार-जाळी काळी-हिरवी पडते, रेंज घटते. मग वरून टेप मारून उपयोग नाही.

*काय करायचं?*
१) कोरड्या दिवशी, मेन स्विच बंद करूनच पेटीला हात लावा.
२) जोड उघडून बघा. जाळी काळी पडली असेल तर चकचकीत तार लागेपर्यंत केबल कापून नवा कनेक्टर बसवून घ्या. तारांना नुसता पीळ देऊन जोडू नका.
३) जोड पुसून कोरडा करा, हाताने घट्ट आवळा. ओल आत राहिली तर टेपखाली तीच कोंडते.
४) सेल्फ फ्युजिंग रबर टेप चांगली ताणून गुंडाळा. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा चढवा. जोडाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं केबल झाकली पाहिजे.
५) खालून वर गुंडाळा. कौलं रचतो तसंच; पाणी वरून घसरून जातं.
६) त्यावर उन्हापासून बचावासाठी काळी पीव्हीसी टेप मारा. शेवटचा वेढा ताणू नका, नाहीतर टोक सुटतं.
७) केबल पेटीत खालच्या बाजूनेच घ्या. आत जाण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल.

*हे टाळा*
❌ व्हिनेगरसारखा उग्र वास येणारं सिलिकॉन जोडावर लावू नका, त्याने तांबं खराब होतं.
❌ अँटेनाचा पाइप विजेच्या तारांजवळ उभा करू नका. ढग गडगडत असताना हे काम नको.

घरच्या डिशच्या केबललाही हीच पद्धत चालते.

काम झाल्यावर स्टार्टरला एकदा कॉल करून मोटार चालू-बंद करून बघा. मेसेज आपल्या गटात पाठवा.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी