ईकोतलं बिऱ्हाड

मुलगा कॅनडात. गेल्या उन्हाळ्यात तो आणि सूनबाई मोटरहोम घेऊन अलास्का हायवेने उत्तरेकडे गेले. १९४२ साली लढाईच्या धांदलीत सैन्याने बांधलेल्या त्या रस्त्याचे फोटो रोज येऊ लागले आणि ह्यांचा जीव घरात लागेना. आपल्या सरकारनेही २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंय. पण भाड्याची कॅरॅव्हॅन आमच्या पेन्शनीत बसणारी नव्हती. मग जुन्या ईकोच्या मागच्या सीटा काढल्या, सुताराकडून प्लायवूडचा पलंग ठोकून घेतला, खाली डबे, कडेला पाण्याचा ड्रम. लातूरहून अहमदपूर, लोहा, नांदेड, भोकर, हिमायतनगर करत किनवट-माहूरच्या सागवानी रानात जायचं ठरलं. आमची उत्तर तेवढीच. लॉज नको, पाहुणे नकोत, कुणाचं मिंधं व्हायचं नाही, हा ह्यांचा बाणा. त्या प्रवासात उमगलेल्या या काही गोष्टी.

१. भांडायलाही खोल्या लागतात. घरी वाजलं की मी स्वयंपाकघरात, हे गॅलरीत. तासाभरात चहाच्या निमित्ताने मिटतं. गाडीत रुसून जायचं कुठे? पाठ करून झोपलं तरी कोपर लागतंच. त्यातच कळलं की ह्यांना अंधारात एकट्याने खाली उतरायची भीती वाटते. इतक्या वर्षांच्या संसारात हे कळायचं राहून गेलं, कारण घरात पॅसेजमधला दिवा रात्रभर चालू असतो. मग मध्यरात्री पुढे बॅटरी घेऊन मी, मागे निवृत्त मुख्याध्यापक.

२. लातूरकर कुठेही गेला तरी पाणी मोजूनच वापरतो. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी प्यायलेली माणसं आम्ही. ताटं आधी कागदाने पुसायची, मग ओंजळभर पाण्यात विसळायची, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. उनकेश्वरला गरम पाणी जमिनीतून आपसूक वर येतं, तिथेही मी तांब्या अर्धाच भरला. जंगल म्हणजे पाण्याची चंगळ, असं मात्र डोक्यात होतं. किनवटला पाऊस आमच्यापेक्षा जास्त, तरी उन्हाळा लागला की तिथल्या बायाही हंडे मोजतात. सहस्रकुंडाला पावसाळ्यात पैनगंगा नुसती कोसळत असते. आम्ही पाहिला तो बहुतेक काळा कातळच.

३. रानात मोकळी जागा म्हणून काही नसते. इस्लापूरच्या पुढे एका आदिवासी गुड्याजवळ संध्याकाळी झकास जागा सापडली. डेरेदार झाड, खालचा पाला झाडून, जाळून केलेली लख्ख जमीन. ‘बघ, आपल्यासाठीच साफ करून ठेवलीय,’ हे म्हणाले. रात्रभर टपावर काहीतरी टपटपत होतं. पहाटे काचेवर टकटक झाली. बाहेर टोपल्या घेतलेल्या बाया. ‘गाडी काढा ना जराशी, फुलं पडलीत खाली.’ मोहाचं झाड होतं ते. फिकट पिवळी, रसाने फुगलेली फुलं, वास इतका गोड की डोकं जड व्हावं. जमीन साफ केलेली असते ती फुलं नीट वेचता यावीत म्हणून, आणि कुठलं झाड कोणत्या घराने वेचायचं हेही त्यांच्यात ठरलेलं असतं. एका घराच्या हंगामावर चाक ठेवून आम्ही घोरत होतो! रागावलं कुणीच नाही. एका म्हातारीने टपावरची फुलंसुद्धा हाताने ओढून घेतली. मग आत डोकावून पलंग, डबे, दोरीवर वाळणारा माझा परकर असं सगळं निरखलं आणि विचारलं, ‘घर नाही का बाई तुम्हाले?’ हे तिला कॅरॅव्हॅन धोरण समजावू लागले. मी खाली बसून वेचू लागले. थोड्याच वेळात कंबर बोलायला लागली. त्यांच्या टोपल्या भरल्या तेव्हा माझ्याजवळ वाटीभर.

४. भीती आवाजाच्या मापाने वाढते. सागाच्या वाळल्या पानांवर सरडा चालला तरी वाघ आल्याचा भास होतो. पैनगंगा अभयारण्यात रात्री मुक्काम करू देत नाहीत, हे आमच्या पथ्यावरच पडलं.

५. सरहद्द नकाशात ठळक असते, बाजारात नाही. पैनगंगेच्या अलीकडे मराठवाडा, पलीकडे विदर्भ. १९४७ पर्यंत अलीकडे निजाम आणि पलीकडे इंग्रजांचा वऱ्हाड. किनवटला किराणा घेताना दुकानदार एका दमात माझ्याशी मराठी, हमालाशी तेलुगू आणि शेजारच्या बाईशी बंजाऱ्यांची गोरमाटी बोलला. पुड्या बांधणं थांबलं नाही.

६. मिंधं न होण्याची सगळी तयारी करून निघालेल्या माणसाला रोज कुणाला ना कुणाला विचारावं लागतं. मोहाच्या पहाटेनंतर आम्ही विचारल्याशिवाय गाडी लावली नाही. कधी शाळेतले गुरुजी, कधी नुसतीच ओट्यावर बसलेली आजी. माहूरला रेणुकामातेचा कुटलेला तांबूल घेऊन परतताना एका तांड्यावर नाईकांना विचारलं. ‘लावा, पण जेवल्याबिगर झोपायचं नाही.’ आमचे लातूरचे धपाटे त्यांच्या नातवंडांनी फस्त केले, आम्ही गरम भाकरी आणि ठेचा. सकाळी हे पैसे देऊ लागले तर नाईकांनी हात मागे घेतला. म्हणाले, ‘त्यापेक्षा नातीला किनवटला सोडा. दहावीचा शेवटचा पेपर हाय, भूगोलाचा.’ नात एकटी नव्हती, मैत्रिणीही होत्या. सगळ्या प्लायवूडच्या पलंगावर दाटीवाटीने बसल्या. मुख्याध्यापकांना कंठ फुटला : ‘सांगा बरं, पैनगंगा कोणत्या नदीला मिळते?’

‘वर्धेला. पण सर, आम्हाला आता भारतासोबत ब्राझील आहे,’ नात म्हणाली आणि किनवट येईपर्यंत तिने ह्यांना ॲमेझॉनचं खोरं शिकवलं.