दुधाच्या पिशवीतली राखीव रोपं : उन्हाळी काकडीच्या नांग्या वेळेवर भरा



वाशीच्या एपीएमसी मार्केटला काकडी पाठवणाऱ्या सभासदांसाठी आजचा सल्ला. दोडका आणि कारल्यालाही तो लागू आहे.

बी टोकल्यावर 12-15 दिवसांत नांग्या दिसायला लागतात. तिथं पुन्हा बी टोकलं, तर तो वेल शेजारच्यापेक्षा 15 दिवस मागे राहतो. शेजारचे वेल त्याच्यावर चढतात, फवारणीचं वेळापत्रक जुळत नाही, आणि खत-पाणी सारखं देऊनही त्या जागेवरचा माल कमी निघतो. म्हणून टोकणीच्याच दिवशी थोडी रोपं घरी पिशवीत लावून ठेवायची. नांगीत जाणारं रोप मग शेतातल्या वेलाच्याच वयाचं असतं.

*किती पिशव्या लागतील?*
6 × 2 फुटांवर एकरी साधारण 3,630 वेल बसतात. त्याच्या 5 टक्के म्हणजे 180 रोपं. घरात रोज अर्ध्या लिटरच्या 2 पिशव्या येत असतील, तर 3 महिन्यांत 180 जमतात. जानेवारीच्या टोकणीसाठी ऑक्टोबरपासून साठवायला लागा. घरचं दूध असेल, तर गावातल्या चहाच्या टपरीवर सांगून ठेवा.

*पिशवीची तयारी*
1. कोपरा कापून तुकडा फेकू नका. वरची कड सरळ कापा.
2. लगेच धुऊन सावलीत वाळवा. दुधाचा अंश राहिला की मुंग्या येतात, बुरशी धरते.
3. तळाला 4-5 भोकं पाडा. पाणी साचलं की रोप बुडाशी कुजून कोलमडतं.

*भरणी आणि टोकणी*
• 2 भाग चाळलेली माती, 1 भाग पूर्ण कुजलेलं शेणखत, 1 भाग वाळू. घमेलाभर मिश्रणात चमचाभर ट्रायकोडर्मा.
• वरून दोन बोटं जागा सोडा. एका पिशवीत एकच बी, अर्ध्या पेराएवढं खोल.
• कंपनीचं औषध लावलेलं रंगीत बी भिजवू नका, औषध धुऊन जातं. बी हाताळल्यावर हात साबणानं धुवा.
• थंडी असेल तर रात्री गोणपाट झाका. कोंब दिसला की गोणपाट काढा, नाहीतर रोप लांबट आणि पिवळं होतं.

*बी जुनं आहे?*
आधी उगवण तपासा. श्रीखंडाच्या धुतलेल्या डब्यात ओलं फडकं घालून 20 बिया ठेवा, झाकण सैल लावा. आठवड्यात 16 उगवल्या तर उगवण 80 टक्के. त्याहून कमी आली तर राखीव रोपं वाढवा.

*लावताना*
दोन-तीन खरी पानं आली की संध्याकाळी लावा. जास्त दिवस ठेवलं तर मुळं पिशवीत गुंडाळतात. रोप धरून ओढू नका. वेलवर्गीय पिकांना मुळं दुखावलेली चालत नाहीत. आदल्या दिवशी पाणी द्या, पिशवी ब्लेडनं उभी कापा आणि मातीच्या गड्ड्यासकट रोप खड्ड्यात ठेवा. लगेच पाणी द्या.

*दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा*
❌ कीटकनाशक किंवा तणनाशकाची बाटली, डबा, पुडकं धुऊनसुद्धा वापरू नका. तणनाशकाचा थोडा अंशही काकडीचं रोप जाळतो.
❌ पिशवी शेतात टाकू नका. ती मातीत कुजत नाही, रोटाव्हेटरला गुंडाळते, जनावराच्या पोटात जाते. मोजून 180 नेल्या तर मोजून 180 परत आणा आणि भंगारवाल्याला द्या.

अंड्यांचे कागदी ट्रे वेलींना उथळ पडतात आणि लवकर सुकतात. ते मिरची-टोमॅटोच्या थोड्या रोपांसाठी ठेवा.

रोपांची काही अडचण आली तर पानाचा आणि बुडाचा, असे दोन फोटो याच नंबरवर पाठवा. टोकणीची तारीख लिहायला विसरू नका.